नरसू पैलवानाची शेवटची लढत

१५ जानेवारी १९७८, रविवार

दारात चपलांचा ढीग. सकाळी दूध आणायला निघाले तर माझी चप्पलच सापडेना. कुणीतरी पावणा ती घालून परसाकडं गेलेला! शेवटी ह्यांच्या वहाणा घालून फरफटत गेले.

दिवसभर माणसं. कुणी चंदगडहून, कुणी शिरोळहून. काम काहीच नाही. "नरसू पैलवान बघायचं होतं." बघतात, बसतात, चहा पितात, जातात. एका बाईनं तान्हं मूल ह्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "हात फिरवा अंगावरनं, दणकट होऊ दे." हे हसतात. प्रत्येकाला एकच — "या की पावणं! लई वाट बघत होतो." आणि माणसाला खरंच वाटतं, हा आपलीच वाट बघत होता.

घरातले कप संपले. आत्याबाईंनी फुलपात्रं काढली. सासू एवढ्या वयाच्या, पण त्यांना ह्या गर्दीचा शीण म्हणून नाही. लेकाला बघायला जग येतंय, ह्यातच त्यांचं पोट भरतं. माझं भरत नाही.

आजऱ्याहून पिराजी भावजी आले होते. कोपऱ्यात बसून राहिले. एक पावणा त्यांना म्हणाला, "ओ, जरा सरका की, पैलवान दिसंनात!" भावजी सरकले. ज्यानं ह्यांना तीनदा हरवलंय, त्या माणसाला सरक म्हणतात! ते बोलले काहीच नाहीत. कधीच बोलत नाहीत. जाताना काजूची पिशवी आमच्या लेकीच्या, शालूच्या हातात दिली आणि एस्टी गाठायला गेले.

चौथीच्या वह्या तपासायच्या राहिल्या. मान दुखतेय.

१७ जानेवारी

मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुली "नरसू पैलवान" खेळत होत्या. एकीनं मान तिरकी केली आणि सावकाश, थांबून थांबून — "या... की... पावणं." बाकीच्या हसून लोळल्या. मला बघितल्यावर पळाल्या.

२२ जानेवारी, रविवार

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये सिनेमावाल्यांच्या फोटोंच्या मधोमध ह्यांचा फोटो. वाण्याकडं "नरसू छाप" कांदा-लसूण चटणी, पाकिटावर हे मुठी आवळून उभे. जत्रेत तमाशावाले ह्यांच्यावर गाणं म्हणतात. का? मला खरंच कळत नाही. कोल्हापुरात बॉक्सिंग बघतंय कोण? इथं कुस्ती. लोकांना फेऱ्या कळत नाहीत, गुण कळत नाहीत. ह्यांना तर "पैलवान"च म्हणतात — जन्मात लांग चढवली नाही ह्या माणसानं! पलटणीत शिकले ते फक्त ठोसे.

आणि जिंकले म्हणावं तर तसंही नाही.

खासबागेतली ती पहिली लढत आठवली. लग्नाला वर्ष होत होतं. हे आणि पिराजी भावजी, दोघं एकाच पलटणीतले, एकाच वेळी सुटून आलेले. कुस्त्यांच्या मैदानात मधेच गंमत म्हणून ह्यांची लढत ठेवलेली. भावजींनी ह्यांना नुसतं कुटलं. नाक फुटलं, भुवई फुटली. मी पदर तोंडात धरून बसले होते. पंचांनी भावजींचा हात वर केला. लोक शेंगांची टरफलं झटकून उठायला लागले — एवढ्यात ह्यांनी लाऊडस्पीकर ओढून घेतला.

"पावणं! मार मी खाल्ला, आन् घाम तुमाला कशापायी सुटलाय?"

अख्खं मैदान खाली बसलं. हसून हसून. मग ह्यांनी पिराजी भावजींना उचलून खांद्यावर घेतलं आणि मैदानाला फेरी मारली. वर बसलेला जिंकलेला माणूस — अवघडलेला, हातांचं काय करावं ते कळत नाही असा. खाली हरलेला, रक्तानं माखलेला, हसतोय! लोक मागं पळाले ते कुणाच्या? ह्यांच्या. त्या दिवसापासून पळतच आहेत. त्याच गर्दीत स्टुडिओवाला एकजण होता. मग सिनेमातलं छोटं काम, मग कॅलेंडर, मग चटणी.

मला वाटतं, लोकांना जिंकणारा परका वाटतो. आपल्यालाही मार बसतो की रोज — ऑफिसात, घरात, शेतात — पण तो कुणाला दिसत नाही. ह्यांचा दिसतो. आणि इतका बसूनही हा माणूस उठून दुसऱ्याची चेष्टा करतो. ते बघायला येतात सगळे.

पण रोज रात्री ह्यांच्या भुवईला हळद मीच लावत होते ना. ते कोण बघायला आलं?

२९ जानेवारी, रविवार

वारणानगरला सत्कार. गणपतराव जीपमधून घेऊन गेले. हे गणपतराव आमच्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष, ह्यांचे सगळे कार्यक्रम तेच ठरवतात. माणूस वाईट नाही. पण त्याला हार घातलेला माणूसच दिसतो, बिनहाराचा दिसत नाही.

भाषण करता करता हे मधेच थांबले. तोंड उघडं, शब्द नाही. मला घाम फुटला. समोर हजारभर माणसं गप्प. मग हे हसले आणि म्हणाले, "असूं दे." बस्स! टाळ्या थांबेनात. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "किती साधा माणूस हो. भरून आलं बघा त्यास्नी."

परत येताना जीपमध्ये मला हळूच विचारलं, "काय बोलत होतो गं मी?"

गणपतरावांनी ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "हेच! हेच तर लोकास्नी पायजे, वैनी! सोंग न्हाय, ढोंग न्हाय!" मग त्यांनी बेत सांगितला. एप्रिलात खासबागेत नरसू आणि पिराजी, शेवटची लढत. त्याच मैदानावर मंडळाच्या नव्या तालमीची घोषणा. तालमीत बॉक्सिंगही शिकवणार, आणि वस्ताद म्हणून पिराजी भावजींचं नाव तिथंच जाहीर करणार.

भावजींचं भलं होतंय, हे ऐकून बरं वाटलं. हे तर लहान मुलासारखे खूष.

३ फेब्रुवारी

शर्टाची बटणं लावायला ह्यांना जमेना. चिडले. मी लावून दिली. काजं बारीक आहेत नव्या शर्टाची.

आत्याबाईंनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या म्हणून त्यांना समाधान.

१२ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू.

दुपारी जेवायला बसलो होतो. आज पावणं नव्हते, चुकून. रेडिओ लावलेला. सांगली केंद्रानं जुन्या मुलाखती लावल्या होत्या. खेळाडूंच्या. मी भांडी सरकवत होते, नीट लक्ष नव्हतं. कुणीतरी भराभरा बोलत होतं — एकावर एक शब्द, मधेच हशा, मुलाखत घेणाऱ्याला बोलूच देईना! "आवो सायेब, ठोसा लागला की तारं दिसत्यात म्हणत्यात ते खोटं हाय, मला तर आमच्या नेसरीचा बैलबाजार दिसतो!"

शालू म्हणाली, "आई, हे कोण बोलतंय गं?"

मी वळून बघितलं. हे समोर बसलेले. घास हातात. रेडिओकडं बघत होते. भाकरीचा तुकडा आमटीत पडला तरी कळलं नाही.

"तुझा बाप," आत्याबाई म्हणाल्या.

शालू हसायला लागली. "ह्या! बाबा असं कुठं बोलतात?" आणि तिनं करून दाखवलं — मान तिरकी, सावकाश, एकेक शब्द शोधून शोधून. शाळेत करतात तसंच. अगदी हुबेहूब.

ह्यांनी हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले.

ती मुलाखत झाली तेव्हा शालू चालायलाही शिकली नव्हती. तिनं तो आवाज ऐकलेलाच नाही! आणि मी? मी रोज ऐकते. रोज थोडा थोडा हळू होत गेला आणि मला वाटत राहिलं, मोठेपणानं माणूस शांत झालाय. लोक म्हणाले भोळा, मीही म्हटलं भोळा. वारणानगरला टाळ्या पडल्या त्या कशाला? ज्याला सगळे जीव लावतात, ते थांबणं, ते विसरणं, ते "असूं दे" — ते दुखणं आहे. दुखणंच आहे.

१३ फेब्रुवारी

शाळेत गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. खोटं नव्हतं.

२० फेब्रुवारी, सोमवार

मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. तिथंही व्हरांड्यात माणसं गोळा झाली. कंपाउंडरनं सही मागितली. डॉक्टर तेवढे ओळखत नव्हते — फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी ह्यांना बोट नाकाला लावायला सांगितलं. सरळ रेषेत चालायला सांगितलं. चालले, पण दोनदा भिंतीचा आधार घेतला. मग ह्यांना बाहेर बसवून मला म्हणाले, "डोक्याला मार बसून बसून आतनं झिजलंय, बाई. गेलेलं परत येणार नाही."

"वाढेल का?"

"सांगता येत नाही. पण इथून पुढं डोक्याला एकही ठोसा नको. एकही. कदाचित जिवावर बेतेल."

बाहेर आले तर हे एका म्हातारबाबांच्या खांद्यावर हात टाकून बसलेले. "या की पावणं," म्हणत होते. म्हातारा रडत होता, ह्यांच्यामुळं हसतही होता. मी दारातच उभी राहिले.

२१ फेब्रुवारी

सांगितलं ह्यांना. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"रेडिओच्या... आदीपासनं." मग हसले. "सरोज, लोकं कुणाला बघाय येत्यात? ह्या खुर्चीत बसलेल्या गड्याला? न्हाय. लढणाऱ्याला. एकदा... लढू दे. एवढीच. मग बस म्हणशील तिथं बसतो."

"आणि पडलात तर?"

"पिराजीच्या हातनं पडलो तर... परक्याच्या हातनं पडलो असं न्हाय की."

भांडले मी. ओरडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आत्याबाई आतून म्हणाल्या, "पोरी, पावणं आल्यात." दार उघडलं. खरंच आले होते. चहा ठेवला.

५ मार्च, रविवार

गणपतरावांकडं जाऊन आले. एकटीच. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. क्षणभर वाटलं, ऐकतील.

"वैनी, लुटूपुटूचं करू. चार ठोसे अंगावर, डोक्याला हात न्हाय."

"लोकांना लुटूपुटूचं चालेल?"

त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "न्हाय चालायचं." आणि मग, "पोस्टर लागल्यात की वो. गाव-गावांत लागल्यात. आता बंद केलं तर लोकं मंडळच जाळतील."

"पिराजी भावजी नाही आले तर?"

"तर मुंबईचा एक पंजाबी हाय, त्याला आणू. नरसू तर उभा ऱ्हाणारच म्हणतोय. वैनी, मी थांबवून थांबतोय व्हय तो?"

हे मात्र खरं. हे थांबणार नाहीत. आणि तो पंजाबी कोण, कसा मारतो, देव जाणे.

माणसं काय खातात माणसाचं, कळत नाही. प्रेमानं खातात.

१९ मार्च, रविवार

आजऱ्याला जाऊन आले. ह्यांना सांगितलं, शाळेचं काम आहे. एस्टीत उभीच होते निम्मी वाट.

गावात शिरलं की काजू भाजल्याचा वास घशात बसतो. भावजींचं घर वरच्या अंगाला. चिमणाबाईंनी — भावजींच्या बायकोनं — पाण्याचा तांब्या दिला. हाताची बोटं काजूच्या तेलानं काळी पडलेली. दिवसभर फोडायला जातात. भावजी ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. रेडिओचं, मिरजेचं, पंजाब्याचंही. सांगता सांगता रडले. नको होतं रडायला.

चिमणाबाई चुलीपुढून उठून आल्या.

"मंग ह्यांनी काय करावं म्हणता, बाई?"

"मला माहीत नाही. त्यांनी डोक्यावर मारू नये..."

"आन् लोकं म्हणतील पिराजीच्या हातात दम ऱ्हायला न्हाय! तीनदा जिंकलं माझं माणूस. कुणी हार घातला? कुणाच्या चटणीवर फोटू हाय? आता एकदा वस्ताद म्हणून नाव निघतंय, तर त्येबी सोडा म्हणाय आलाय व्हय तुमी? समदं आमीच सोडायचं?"

त्यांचं काय चुकलं? एक शब्द चुकला नाही. मी खाली मान घालून बसले. चहा दिला त्यांनी, तरीही. तो प्यायले.

भावजी स्टँडपर्यंत सोडायला आले. एस्टी लागायला वेळ होता. "सावलीत बसा, वैनी," एवढंच म्हणाले, आणि गेले.

उगाच गेले मी. उगाच त्या बाईचं सुख नासवलं.

१० एप्रिल

पोस्टर आमच्याच भिंतीवर आहे. दोघांचे फोटो. ह्यांचा केवढा मोठा, भावजींचा टपाल तिकिटाएवढा.

एका कॉलेजच्या मुलीनं सही मागितली. ह्यांनी "नृसिं" लिहिलं आणि हात तिथंच थांबला. शालूनं शेजारी बसून पुढचं लिहून दिलं. मुलगी म्हणाली, "किती गोड!"

१३ एप्रिल

आत्याबाईंना शेवटी सांगितलं. त्या देवापुढं बसल्यात, उठत नाहीत. ह्यांच्यापुढं बोलायची त्यांचीही छाती नाही. "एवढी दुनिया ज्याला मानती, त्याला म्या काय सांगू?" म्हणाल्या.

सगळ्या जगाचा झालेला माणूस घरचा राहत नाही हेच खरं.

१७ एप्रिल, सोमवार

काल लढत होती. काल लिहिणं शक्य नव्हतं.

खासबाग तुडुंब. झाडांवर, भिंतींवर माणसं. मधल्या कुस्तीच्या मातीच्या हौद्यावर फळ्या टाकून चौथरा केलेला, दोर बांधलेले. मी बायकांच्या बाजूला, शालू आत्याबाईंजवळ घरी. पर्समध्ये मिरजेच्या डॉक्टरांचा कागद. कशाला नेला होता काय माहीत. पंचांना दाखवला असता, तर त्यांनीही सही मागितली असती!

हे आले. आवाज एवढा झाला की कान बधिर. ह्यांनी दोराखालून वाकताना हात टेकला. लोकांना वाटलं, चौथऱ्याला नमस्कार करतायत. मला माहीत होतं — तोल गेला होता.

मग पिराजी भावजी आले. कुणी टाळी वाजवली नाही. त्यांनी हातमोजे घातले होते. तयारीनंच आले होते. म्हटलं, संपलं. चिमणाबाईंनी त्यांना समजावलं असणार, आणि बरोबरच आहे.

पंचांनी दोघांना मधे बोलावलं. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. जरा जास्तच वेळ. हे हसले. भावजी हसले नाहीत. त्यांनी दातांनी दोरी ओढून डाव्या हाताचा मोजा काढला. मग उजव्या हाताचा. खाली ठेवले, नीट, जोडीनं. आणि चालत जाऊन लाऊडस्पीकर घेतला. त्या माणसाला मी सबंध आयुष्यात लाऊडस्पीकर धरलेला बघितला नव्हता. कसा धरायचा तेही कळेना.

"मला भ्या वाटतंय," म्हणाले. "नरसूपुढं मी उभा ऱ्हात न्हाय. मी हारलो."

एवढंच.

आधी लोक हसले. वाटलं, चेष्टा. मग भावजी दोराखालून उतरून चालायला लागले तेव्हा कळलं. काय तो आरडाओरडा! शिव्या. टरफलं, चपला, कुणीतरी ओली माती. "भित्रा! बायल्या!" भावजी पळाले नाहीत. ज्या चालीनं मला आजऱ्याच्या स्टँडवर सोडायला आले, त्याच चालीनं सगळं मैदान ओलांडून गेले. एक चप्पल त्यांच्या मानेला लागली. त्यांनी मागं बघितलंसुद्धा नाही.

पंजाबी आणायला वेळ उरला नव्हता. तो उरू नये म्हणूनच भावजी शेवटपर्यंत गप्प राहिले, मोजे घालून आले. हे मला तिथंच, त्या गोंधळात, उभ्या उभ्या कळलं. आणि मला ओरडून सांगता येईना. सांगितलं असतं तर त्यांनी टाकलेलं सगळं वाया.

गणपतरावांनी ह्यांचा हात वर केला. लोकांनी ह्यांना उचललं. खांद्यावर बसलेले हे मात्र सारखे दाराकडं बघत होते.

घरी आल्यावर ह्यांच्या गळ्यातले हार काढत होते मी. मला म्हणाले, "पिराजीला... बरं न्हाय काय गं? तो भिणारा न्हवं. जाऊन बघाय पायजे." आणि रडायला लागले. बाहेर लोक फटाके उडवत होते.

१८ एप्रिल

वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलंय. वाचलं नाही. चुलीत घातलं.

गणपतराव सांगून गेले, तालमीला वस्ताद दुसरा बघतायत. "भित्र्याच्या हाताखाली पोरं कोण पाठवंल, वैनी?" माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते. त्यांना कळलंय. कळूनही असंच करावं लागतं म्हणे.

२३ एप्रिल, रविवार

परत आजरा. ह्या वेळी ह्यांना घेऊन. एस्टीत लोकांनी आम्हाला बसायला जागा दिली, सोडाही पाजला.

भावजींच्या दारावर कुणीतरी हिरव्या बांगड्या आणि लुगडं बांधून ठेवलं होतं म्हणे. चिमणाबाईंच्या हातात बांगड्या दिसल्या. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"त्याच हायत," म्हणाल्या. "मापाच्या निघाल्या. टाकू कशापायी?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी दंडाला धरून उठवलं, जरा जोरातच. "माझ्या न्हाय पडायचं, बाई. मी तर सोडू नका म्हणलं हुतं. भांडलेय ह्येंच्याशी. अजून बोलत न्हाय धड." आणि मग आत जाऊन भाकरी थापायला बसल्या. मीही जाऊन बसले. मी पीठ मळून दिलं.

बाहेर ह्यांनी विचारलं, "पिराजी, तू... भ्यालास व्हय रं?"

"व्हय," भावजी म्हणाले.

"कशाला?"

"तुजं तोंड बगून."

दोघं हसले. खूप हसले. ह्यांचं ते जुनं हसू अजून तसंच आहे, आवाजाचं काय झालं असेल ते होवो.

निघताना मी भावजींना एकटं गाठलं. म्हटलं, "तुमचं सगळं गेलं."

"काय हुतं, वैनी?" म्हणाले. "आदी कोण वळखत न्हवतं. आता एस्टी स्टँडवरनं बोट दाखवत्यात." हे म्हणताना हसले नाहीत. मग हाताकडं बघत म्हणाले, "नरसूच्या डोक्यावर सगळ्यात जास्त हात कुणाचा पडलाय? माझाच की."

मी पिशवी उचलली आणि ह्यांना हाक मारली.

१४ मे

सुट्टी लागली. उन्हाळ्याचा पावण्यांना काही फरक नाही. उलट वाढलेत. "न लढता जिंकलेला पैलवान!" आता लहान मुलांना धाक दाखवतात म्हणे ह्यांच्या नावाचा.

आज सोमवार की मंगळवार, हे मला रोज विचारतात.

११ जून

शाळा उद्यापासून. ह्यांना एकटं सोडायची भीती वाटते. भावजी म्हणाले, "मी येत जातो की." आजऱ्याहून! इकडं गूळ बाजारात हमालीचं काम बघितलंय त्यांनी. पावसाळा संपेपर्यंत इथंच खोली घेऊन राहणार.

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. थकलेय.

२ जुलै, रविवार

आज पावणं आले होते, कर्नाटकातले. ह्यांनी त्यांना खासबागेतली एप्रिलातली लढत सांगितली. सगळी. थांबत थांबत, पण सगळी. पहिल्या फेरीत कोण कसा आला, कुणाची भुवई फुटली, तिसऱ्या फेरीत पिराजी कसा आडवा झाला. झालेलीच नाही ती लढत! ह्यांचे डोळे नुसते चमकत होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात खिळून राहिले. पावण्यांनी कोपऱ्यात बसलेल्या माणसाला विचारलं, "तुम्ही बघितली काय हो?"

पिराजी भावजी म्हणाले, "मीच पिराजी. व्हय. तिसऱ्या फेरीतच. लई मारला मला."